पूर्वजांच्या शोधात पूर्वेकडे

1870 साली हेलसिंकीत फिनिश पुरावस्तू मंडळ स्थापन झाले, तेव्हा फिनलंड हा स्वतंत्र देश नव्हता. अनेक शतके स्वीडनच्या ताब्यात राहिलेला हा प्रदेश 1809 पासून रशियाच्या झारच्या अधिपत्याखालील एक स्वायत्त संस्थान होता. कारभाराची आणि उच्चशिक्षणाची भाषा प्रामुख्याने स्वीडिश होती, आणि बहुसंख्य प्रजा जी फिनिश बोलत होती तिच्या भाषेत ना बखरी होत्या, ना राजांच्या वंशावळी. अशा समाजाला आपला भूतकाळ हवा असेल, तर तो लोकगीतांत शोधावा लागतो किंवा जमिनीत. लोकगीतांचे काम 1831 साली स्थापन झालेल्या फिनिश साहित्य मंडळाने हाती घेतले होते. जमिनीचे काम या नव्या मंडळाकडे आले, आणि त्यामागची मुख्य प्रेरणा होती तिशीही न गाठलेल्या योहान रेनहोल्ड आस्पेलिन यांची.

मंडळाने सुरुवात केली ती जुन्या चर्चपासून. 1871 मध्ये एमिल नेर्वांडर यांच्या नेतृत्वाखाली पहिली कला-इतिहास मोहीम निघाली आणि 1902 पर्यंत अशा आठ मोहिमा झाल्या. मध्ययुगीन दगडी चर्चची मोजमापे घेणे, भित्तिचित्रांच्या नकला उतरवणे आणि अडगळीत पडलेल्या लाकडी संतमूर्तींची नोंद करणे, असे हे चिकाटीचे काम होते. सरकार त्यानंतर जागे झाले. प्राचीन अवशेषांना संरक्षण देणारा हुकूम 1883 मध्ये निघाला, 1884 मध्ये पुरातत्त्व आयोग अस्तित्वात आला, आणि त्याचे प्रमुखपद आस्पेलिन यांच्याकडेच गेले.

त्याच 1883 साली हेलसिंकीत दुसरे एक मंडळ उभे राहिले, ते फिनिश आणि तिच्या नातलग भाषांचा अभ्यास करणारे फिनो-उग्रिक मंडळ. त्याचे संस्थापक ओटो डोनर हे हेलसिंकी विद्यापीठात संस्कृत आणि तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपल्याकडील वाचकाला सुखावणारी आहे. मंडळापुढील प्रश्न मात्र भारताकडे नव्हे, सायबेरियाकडे नेणारा होता. फिनिश भाषेचे दूरचे नातलग व्होल्गाच्या काठी आणि उरल पर्वताच्या पलीकडे राहत होते. भाषापंडित मथियास कास्त्रेन यांनी तर फिन लोकांचे मूलस्थान आल्ताई आणि सायान पर्वतांच्या परिसरात असावे, असे मत मांडले होते. त्याच परिसरात, येनिसेई नदीच्या खोऱ्यात, कोणालाही न वाचता आलेल्या लिपीतील शिलालेख होते. ही अक्षरे आपल्याच पूर्वजांनी कोरली असतील, ही आशा मनात धरून आस्पेलिन यांनी 1887 ते 1889 या काळात तेथे मोहिमा काढल्या आणि लेखांचे ठसे व रेखाटने घेऊन ते परतले.

पुढच्याच वर्षी, 1890 मध्ये, मंडळाने आक्सेल हाइकेल यांना मंगोलियातील ओरखोन नदीच्या खोऱ्यात पाठवले. तेथे नुकत्याच नजरेस आलेल्या भव्य स्तंभांवर तीच लिपी होती, आणि त्यांतील एका स्तंभाच्या एका बाजूला चिनी मजकूरही होता. तो वाचता येत होता. त्यातून कळले की हा स्तंभ क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राच्या स्मरणार्थ 732 साली उभारलेला आहे. हाइकेल यांनी आणलेली सामग्री 1892 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि डिसेंबर 1893 मध्ये डॅनिश भाषापंडित विल्हेल्म थॉमसेन यांनी लिपी उलगडल्याचे जाहीर केले. लेखांची भाषा प्राचीन तुर्की होती. फिन लोकांचा तेथे मागमूस नव्हता.

ज्या आशेवर वर्गणी जमवली, माणसे हजारो किलोमीटर पाठवली, ती आशा मंडळाने स्वतःच गोळा केलेल्या पुराव्याने मोडली. तरीही थॉमसेन यांचे संपूर्ण वाचन आणि भाषांतर 1896 मध्ये याच मंडळाच्या ग्रंथमालेत छापले गेले. राष्ट्रभावनेतून जन्मलेल्या संस्थेने असे करणे मुळीच गृहीत धरण्यासारखे नव्हते, आणि मंडळाची विद्वत्ता मोजायची तर ती येथेच मोजावी लागेल.

पूर्वेची ओढ मात्र संपली नाही. आर्ने मिखाएल ताल्ग्रेन हे 1923 मध्ये हेलसिंकीत पुरातत्त्वाचे प्राध्यापक झाले आणि 1926 पासून त्यांनी उत्तर युरेशियाच्या पुरातत्त्वाला वाहिलेले नियतकालिक चालवले, ज्यात सोव्हिएत आणि पाश्चात्त्य अभ्यासक शेजारी शेजारी लिहीत. 1935 मध्ये ते सोव्हिएत संघात जाऊन आले, तेथील सहकाऱ्यांवर होणाऱ्या दडपशाहीबद्दल त्यांनी उघडपणे लिहिले, आणि त्यांच्यासाठी ते दार बंद झाले. 1938 नंतर नियतकालिकही थांबले.

दरम्यान घरची जमीनही बोलू लागली होती. 1913 मध्ये कारेलियातील आंत्रेआ येथे एका शेतकऱ्याला चर खणताना जुन्या वस्तू सापडल्या. साकारी पाल्सी यांनी पुढच्या वर्षी तेथे उत्खनन केले, तेव्हा विलोच्या अंतर्सालीच्या दोऱ्याने विणलेल्या मासेमारीच्या जाळ्याचे अवशेष, झाडाच्या सालीचे तरंगे आणि दगडी वजने हाती आली. फिनलंडच्या आम्लधर्मी मातीत हाडेसुद्धा टिकत नाहीत. हे जाळे प्राचीन जलाशयाच्या तळच्या गाळात दबले गेले म्हणून वाचले. त्याचे वय 10,000 वर्षांहून अधिक आहे. पाल्सी यांचा अहवाल 1920 मध्ये पुरावस्तू मंडळाच्या नियतकालिकात जर्मन भाषेत आला. आंत्रेआ आता रशियाच्या हद्दीत आहे.

1963 च्या कायद्याने फिनलंडमधील सर्व प्राचीन स्थळांना आपोआप संरक्षण मिळते. 1982 मध्ये फिनलंडच्या पुरातत्त्व संस्थेची स्थापना झाली आणि 1984 पासून तिचे नियतकालिक निघते. त्यात ‘आमचे पूर्वज कोण’ या प्रश्नापेक्षा ‘या भूमीवर कोण कोण राहिले’ हा प्रश्न अधिक भेटतो, आणि त्यात उत्तरेकडील सामी लोकही येतात. सामी भाषा फिनिशची नातलग; म्हणूनच सामी लोकांच्या वस्तू एकेकाळी मोठ्या उत्साहाने हेलसिंकीत गोळा केल्या गेल्या. त्यांतील 2,200 हून अधिक वस्तूंचा संग्रह राष्ट्रीय संग्रहालयाने 2021 मध्ये इनारी येथील सीदा या सामी संग्रहालयाच्या स्वाधीन केला.