दाराच्या फटीतून ओळख

पावसाळा लागला की ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, गाड्यांच्या बॉनेटमध्ये भिजलेली पिल्लं सापडतात. कुणीतरी एक उचलून घरी आणतं, थोरल्या मांजरीपुढे ठेवतं आणि म्हणतं, ‘बघ, तुला कोण आलंय!’ एवढ्या एका कृतीने पुढचे कित्येक आठवडे नासतात. त्याऐवजी काय करायचं, ते आज सांगते.

थोरलीच्या बाजूने बघा. सोफ्याचे पाय, दाराची चौकट, कपाटाचा कोपरा, सगळीकडे ती गाल घासून आपला वास लावत असते. तिच्या लेखी तो वास म्हणजे घराचा सातबारा. परक्या वासाचं जनावर अचानक आत आलं तर तिला ते पाहुणं वाटत नाही, घुसखोर वाटतं. म्हणून आधी वास, मग दर्शन आणि सगळ्यात शेवटी स्पर्श. हा क्रम मोडू नका, आणि वेग थोरलीला ठरवू द्या. कुठे दोन आठवडे लागतात, कुठे तीन महिने.

पिल्लाला घरी नेण्याआधी डॉक्टरांकडे न्या. जंताचं औषध, पिसवांची तपासणी, फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारे दोन विषाणू) यांची रक्तचाचणी हे सगळं करून घ्या. लसीचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. थोरलीची लस थकली असेल तर आधी तिची उरका, कारण पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू फरशीवर, कपड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. आपल्याकडच्या दमट हवेत गजकर्णही बघून घ्या. ते थोरलीला होतं, घरातल्या माणसांनाही होतं. म्हणून पहिले दहा ते चौदा दिवस पिल्लू वेगळं ठेवायचं आणि त्याला हाताळल्यावर हात धुवायचे.

वन बीएचकेत वेगळं कुठे ठेवणार? बेडरूम चालेल, पण थोरली तिथेच झोपत असेल तर नको. तिची झोपायची जागा काढून घेतली की भांडण पहिल्याच दिवशी सुरू झालं म्हणून समजा. अशा वेळी हॉलच्या कोपऱ्यात तीन-चार फुटी घडीचा पिंजरा, अर्धा चादरीने झाकलेला, हा दुसरा पर्याय. बाथरूम ओलं असतं आणि पिल्लाला गारठा लवकर बाधतो, तिथे ठेवू नका. खिडकीला नुसती वेल्क्रोची मच्छरदाणी असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका, पिल्लाच्या वजनाने ती सुटते. कबुतरांच्या नायलॉन जाळीतून लहान पिल्लाचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की अंग जातंच.

आता मुख्य काम, जेवणाचं. दार बंद. दोघांच्या वाट्या दाराच्या दोन बाजूंना, पाच-सहा फुटांवर. दोघंही निवांत खात असतील तर दर जेवणाला वाटी वीतभर पुढे सरकवा. थोरलीकडे नीट बघा. तिने दोन घास खाल्ले, मान वर केली, दाराच्या फटीकडे टक लावली आणि तिसरा घास घेतलाच नाही, तर वाटी मागे घ्या आणि दोन दिवस तिथेच राहा. दोघींच्या वाट्या दाराला टेकेपर्यंत दार उघडायचं नाही. खाणं आणि तो वास यांची सांगड तिच्या डोक्यात बसायला हवी.

याच दिवसांत मऊ सुती कापड पिल्लाच्या गालांवर फिरवून थोरलीच्या वावरातल्या जागी टाका. तिच्या अंगाखाली नको, थोड्या अंतरावर. तिचं कापड पिल्लाकडे. तिने हुंगून फिसकारलं तरी हरकत नाही. पुढे रोज अर्धा तास जागांची अदलाबदल करा: पिल्लू घरात, थोरली पिल्लाच्या खोलीत. आणि हे दिवस लादीला फिनाइल लावू नका. एक तर ते मांजरांना विषारी, पंजे चाटले की पोटात जातं. शिवाय बसवलेला वास पुसला जातो.

मग जाळीच्या पलीकडून दर्शन, दोन-तीन मिनिटं, उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनसोबत. आणि शेवटी मोकळी भेट. त्याआधी पिल्लाला पंधरा मिनिटं दोरीच्या काठीने खेळवून दमवा. कुणालाही कडेवर घेऊन भेटवू नका. हातात एक मोठा पुठ्ठा ठेवा, जुंपलीच तर तो मध्ये घाला, हात घालू नका. खवळलेली मांजर कित्येक तास शांत होत नाही आणि जवळच्या माणसालाही चावते. खरं भांडण झालं तर दोघांना वेगळं करून एक पायरी मागे जा.

फिसकारण्याला लोक घाबरतात. ते ‘लांब राहा’ एवढंच सांगणं आहे. काळजी करायची ती शांततेची: थोरली पॅसेजमध्ये आडवी पसरून पडते, दिसायला निवांत, पण पिल्लू शी-शूच्या ट्रेकडे निघालं की तिची शेपटी टोकाशी फटके मारते. ती वाट अडवते आहे. मग पिल्लू सोफ्यामागे घाण करतं आणि मार पिल्लाला बसतो. दोन मांजरांना तीन ट्रे, तेही वेगवेगळ्या ठिकाणी. एका ओळीत ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच. लहान पिल्लाच्या ट्रेत ओली झाली की गोळे होणारी वाळू नको, पिल्लू ती खातं.

थोरली दहा वर्षांच्या वर असेल तर सांधे आणि दात तपासून घ्या, दुखऱ्या पाठीवर उडी बसली की ती मारणारच. तिने चोवीस तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवा, उपाशी मांजरीच्या यकृताला त्रास होतो. आणि थोरला बोका असेल, ट्रेत वारंवार बसून लघवी होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. ताणाने हे होतं आणि मूत्रमार्ग तुंबला तर जीव जातो.

एका खोलीत तीन फुटांवर दोघी झोपल्या की काम झालं. एकमेकींना चाटणं झालं तर ठीक, नाही झालं तरी ठीक. पण रात्री आणि ऑफिसला जाताना आणखी दोन-तीन आठवडे दार लावून वेगळं ठेवा, आणि सगळं सुरळीत झालं म्हणून तिसरा ट्रे काढू नका. पिल्लू वर्षा-दीड वर्षाचं झालं की जागेवरून कुरबुर पुन्हा सुरू होऊ शकते, तेव्हा तो लागतो.