पेपर टाकण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या आकुर्डीच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळ्या कव्हरची एक पुस्तिका अजून जपून ठेवलेली आहे. बाबांच्या कारखान्यातला वेतन करार. दर तीन वर्षांनी कंपनी आणि संघटना समोरासमोर बसायच्या, महिनोन्महिने बोलणी चालायची. आई म्हणायची, ‘करार लांबलाय, फ्रीजचं दिवाळीनंतर बघू.’ आणि मग एका संध्याकाळी बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन घरी यायचे. त्या पुस्तिकेत सगळं छापलेलं असे. मूळ पगारात किती वाढ, महागाई भत्ता कसा धरायचा, कॅन्टीनचे किती पैसे कापायचे, घरात कुणी गेलं तर किती दिवस रजा. त्या बदल्यात कामगारांनी उत्पादन किती वाढवून द्यायचं, तेही त्यातच लिहिलेलं.

मी 22 वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम केलं. बाबा निवृत्त झाले तेव्हाचा त्यांचा पगार मी पाचव्याच वर्षी मागे टाकला. पण अशी पुस्तिका माझ्या हातात कधी आली नाही. माझ्याकडे होतं ऑफर लेटर, आणि त्यावर माझ्या एकटीची सही.

आयटीतल्या लोकांनी संघटना करावी का, याबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. नको म्हणणाऱ्यांत मीही बरीच वर्षं होते आणि त्याला कारण होतं. मी लागले तेव्हा माणसं कमी आणि कामं जास्त होती. मॅनेजरशी पटलं नाही, पगारवाढ मनासारखी झाली नाही, की लोक पेपर टाकायचे. म्हणजे राजीनामा द्यायचे. समोरची कंपनी जास्त पगारावर घ्यायला तयार असायची. पेपर टाकणं हीच आमची युनियन होती. बाबांना ज्यासाठी गेटवर सभा घ्यावी लागायची, ते मी एका ई-मेलने मिळवत होते.

ही ताकद बाजाराची होती, माझी नव्हती, हे मला 2023 च्या मार्चमध्ये कळलं.

माझ्या टीममध्ये लातूरचा एक मुलगा होता. सहा वर्षं झालेली, कामाला चोख. वाकडला नुकताच फ्लॅट घेतलेला, हप्ते सुरू झालेले. सोमवारी सकाळी त्याला साडेअकराच्या मीटिंगचं निमंत्रण आलं, विषयाची जागा रिकामी. आत एचआरचे दोघं होते. मोबाईल बाहेर ठेवायला सांगितला. आत काय झालं ते त्याने मला नंतर शब्द न शब्द सांगितलं. राजीनाम्याचा मेल आत्ता इथूनच पाठव, दोन महिन्यांचा पगार देऊ, रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी सोडल्याचं पत्र, स्वच्छ मिळेल. नाही पाठवलास तर काढून टाकू, आणि पुढच्या कंपनीने चौकशी केली की ते दिसेल. विचार करायला घरी जाऊ का, असं त्याने विचारलं. नाही म्हणाले. चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा गळ्यात आयकार्ड नव्हतं. लॅपटॉप आतच ठेवून घेतला होता. ड्रॉवरमधून त्याने चार्जर आणि कॉफीचा मग काढला, मॉनिटरखालचा छोटा गणपती खिशात टाकला, आणि सिक्युरिटीचा माणूस त्याच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेला. त्याला वर्षाचं सगळ्यात खालचं रेटिंग देणाऱ्या फॉर्मवर माझी सही होती. प्रत्येक टीममधून कुणाला तरी त्या रकान्यात बसवायचंच होतं. मी त्याला बसवलं. ते मला अजून बोचतं.

आता यातली कायद्याची बाजू सांगते, कारण आमच्यापैकी शंभरातल्या एकालाही तेव्हा ती माहीत नव्हती. तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, त्यात बसणाऱ्या कामगाराला कंपनीने कपात म्हणून काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. सहा वर्षांचे झाले 90 दिवस. नोटीस धरून चार महिने. त्याला दोन महिन्यांवर बाहेर काढलं. हे शक्य झालं, कारण राजीनामा दिलेला माणूस कायद्याच्या नजरेत काढलेला नसतो, स्वतःहून गेलेला असतो. त्या बंद खोलीतली सगळी घाई त्या एका मेलसाठी होती. शेजारच्या खुर्चीवर, ‘थांब, आज सही करू नकोस,’ एवढं म्हणणारं कुणी असतं तर चित्र बदललं असतं. बाबांच्या कारखान्यात चार्जशीट मिळालेला कामगार चौकशीला एकटा जात नसे. संघटनेचा एक प्रतिनिधी बरोबर असायचाच.

मला संघटना हवी आहे ती या खुर्चीसाठी. पगारासाठी नव्हे.

संघटना काय करू शकते आणि काय नाही, याचं एक लहानसं पण नेमकं उदाहरण न्यूयॉर्कमधलं आहे. किकस्टार्टर या कंपनीत 2020 च्या फेब्रुवारीत कर्मचाऱ्यांनी मतदान करून युनियन केली. 46 बाजूने, 37 विरोधात. म्हणजे तिथेही एकमत नव्हतं. दोनच महिन्यांत करोनामुळे धंदा बसला आणि कपात आली. युनियनला कपात थांबवता आली नाही. पण जाणाऱ्यांना चार महिन्यांचा पगार आणि काही महिन्यांचा आरोग्य विमा तिने बोलणी करून मिळवून दिला. मी एवढंच मागते आहे. आपल्याकडे 2017 मध्ये कर्नाटकात केआयटीयू ही आयटी कर्मचाऱ्यांची युनियन झाली. 2024 मध्ये तिथे दिवसाला 14 तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देणारा प्रस्ताव आला तेव्हा उघडपणे रस्त्यावर उतरले ते या युनियनचे लोक. पुण्यात नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार खात्याकडे तक्रारी नेते. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हाही तिने तक्रार केली.

तासांचा विषय निघाला म्हणून सांगते. आपला रविवार आपोआप आलेला नाही. पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरच्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळवली. माझ्या नोकरीतली बहुतेक मोठी रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सुरू करण्याची कामं, शनिवारी रात्री व्हायची, रविवारी पहाटेपर्यंत चालायची. बदली सुट्टी मागायची सोय असते, हेच आमच्या ध्यानात यायचं नाही.

दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. 1989 च्या सप्टेंबरात टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे, कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते, राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली. बाबांचा कारखाना वेगळा होता, पण ते दोनदा तिथे जाऊन आले. पोलिसांनी रात्रीतून सगळ्यांना उचललं आणि संप मोडला. त्याआधी 1982 मध्ये गिरणगावात जे झालं ते महाराष्ट्रातलं कुठलंच कामगाराचं घर विसरलेलं नाही. अडीच लाख गिरणी कामगारांचा तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. म्हणून ‘युनियन केली की कंपनी बंद’ असं कुणाची आई म्हणते तेव्हा मी तिला भित्री म्हणत नाही. तिने पाहिलेलं ती बोलते. आयटीत तर हलवायला यंत्रंही नसतात. काम परदेशी क्लायंटचं असतं, आणि पुण्यात संप झाला तर ते दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या देशातल्या टीमकडे वळवायला फार दिवस लागत नाहीत. संप हे हत्यार आपल्याला पेलणारं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. संघटनेत बसायचं कुणी? त्या मुलाने की मी? मी दिवसभर टेस्ट केस लिहायचे आणि वर्षातून एकदा त्याला गुण द्यायचे. कायद्यात तांत्रिक काम करणारा कामगार ठरतो, व्यवस्थापक ठरत नाही, आणि न्यायालयं हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात. पण आमच्याकडे आठव्या वर्षी लीड आणि बाराव्या वर्षी मॅनेजर हे नाव चिकटतं, हाताखाली एक माणूस नसला तरी. आणि एकदा ते नाव लागलं की माणूस स्वतःला पलीकडच्या बाजूचा समजायला लागतो. मीही समजत होते.

शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एकापेक्षा जास्त संघटना असतील तर कंपनीशी एकटीने वाटाघाटी करण्याचा मान 51 टक्के कामगार पाठीशी असलेल्या संघटनेला. निम्मे लोक घरून काम करतात, काही क्लायंटकडे, काही दुसऱ्याच कंपनीच्या पगारपत्रकावर, अशा ठिकाणी 51 टक्के जमवायचे म्हणजे वर्षानुवर्षांचं काम आहे. त्यात नाव उघड झालं तर पुढची नोकरी मिळणार नाही ही भीती. हप्ते भरणाऱ्या माणसाला ती खरीच वाटते.

नावाजलेले, बाजारात मागणी असलेले लोक म्हणतात की युनियन आली की सगळ्यांना एकच फूटपट्टी लागेल, हुशारीचं मोल राहणार नाही. हे मला पटत नाही. करारात काय घालायचं ते सभासद ठरवतात. पगाराची श्रेणी घालू नका. 90 दिवसांच्या नोटीस पिरियडचं, म्हणजे राजीनाम्यानंतर तेवढे दिवस कामावर राहायच्या अटीचं, घाला. आज तो एकीकडे हातातली नवी नोकरी घालवतो, आणि दुसरीकडे कंपनीला मात्र माणूस चाळीस मिनिटांत काढता येतो. रात्रीच्या रिलीजनंतरच्या सुट्टीचं घाला. एकट्याला खोलीत बोलावायचं नाही, हे घाला. पहिली पुस्तिका चार पानांची झाली तरी चालेल.

लातूरच्या त्या मुलाला सात महिन्यांनी दुसरी नोकरी लागली, कमी पगारावर. गेल्या महिन्यात रात्री दहाला त्याचा फोन आला. ‘ताई, आमच्याकडे पण सुरू झालंय. शेजारच्या डेस्कच्या पोराला उद्या बोलावलंय.’ काय सांगायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. राजीनामा लिहायचा नाही. आवाज चढवायचा नाही. जे म्हणायचं ते मला लेखी द्या, एवढंच म्हणायचं, आणि लेखी मिळेपर्यंत कशावरही सही करायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, तो पोरगा आयकार्डासकट बाहेर आला. गुरुवारपर्यंत वेळ मिळाली. त्या तीन दिवसांत त्याने संघटनेचा सभासद होऊन कामगार आयुक्तालयात अर्ज दिला. त्याच्या अर्जावर अजून तारीख पडायची आहे. मी त्याच्याबरोबर जाणार आहे.

नमस्कार.