न चालणाऱ्या औषधाची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. आजचं औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते फक्त संगणकात आहे आणि पूर्ण निरुपयोगी आहे, कारण ते तसं असावं हे आपणच ठरवलंय.

समजा, एका आजारात १०० पैकी ३० रुग्ण दगावतात. संगणकात २०० रुग्ण तयार करा. निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. मृत्यूची शक्यता दोन्हीकडे तीच, ३० टक्के. आता ही चाचणी १०,००० वेळा घ्या. संगणकाला काय, आपला चहा होईपर्यंत काम उरकतं. आणि गंमत बघा, साधारण ५०० चाचण्या, म्हणजे ५ टक्के, निव्वळ योगायोगानं ठासून सांगतात की दोन गटांत फरक आहे! निम्म्यांत औषध तारक, निम्म्यांत मारक. खऱ्या चाचणीत या १०,००० मधली एकच आपल्या वाट्याला येते. ती कुठली, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून आधी हा खेळ खेळून बघायचा.

धीर नसेल तर आणखी फसगत. शेवटची खेप धरून पाच वेळा निकालात डोकावलं आणि फरक दिसताक्षणी थांबलो, की फसण्याचं प्रमाण ५ वरून १४ टक्क्यांवर जातं.

आता खरोखर गुणकारी औषध घेऊ. मृत्यू ३० वरून २० टक्क्यांवर आणणारं. एवढं चांगलं औषध, पण गटात १०० जणच असले, तर तीनपैकी जवळजवळ दोन चाचण्या त्याला नापास करतात. गटात ३०० जण घेतले, तर पाचपैकी चार वेळा ते पास होतं. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शितं किती घ्यायची? त्यात काही रुग्ण गोळ्या मध्येच सोडतात, काही पुन्हा फिरकतच नाहीत. तेही संगणकात घालावे लागतात.

१९८८ साली ‘आयसिस-२’ या चाचणीचे निकाल आले. हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिनचा फायदा स्पष्ट दिसला. पण रुग्णांचे लहान लहान गट पाडून आकडे बघितले की काय होतं, हे दाखवायला संशोधकांनी चक्क राशी लावल्या. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक निघालं! आपलं निरुपयोगी औषध बारा राशींत वाटून बघा. निदान एका राशीत तरी ‘परिणाम’ सापडण्याची शक्यता ४६ टक्के आहे. आणि हो, त्या सूर्यराशी होत्या, आपल्या पत्रिकेतल्या चंद्रराशी नव्हेत.