उसात जन्मलेला बिबट्या

(ऊस पट्ट्यातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजच्या विषयावर बोलताना एक भान ठेवावं लागतं. ज्यांच्या भावकीतलं किंवा शेजारचं माणूस बिबट्याने नेलं, अशी माणसं समोर बसलेली असू शकतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. दोन मुलं आणि एक म्हातारी बाई. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्या भागात बिबट्याला गोळी घातली गेली. नंतर बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जाऊ लागल्या. शहरात तो फोटो नवल म्हणून पाहिला गेला. मला तो पाहवला नाही. स्वतःच्या रानात जायला गळ्याला खिळे बांधावे लागतात, आणि तरीही जावंच लागतं, कारण खुरपणी थांबत नाही.

अशा वेळी प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. जंगलातला प्राणी गावात आलाच कसा? मग त्याची ठरलेली उत्तरं येतात. जंगल तोडलं, खायला उरलं नाही, वनखात्याने कुठून तरी आणून सोडला. प्रश्नातच धरून चाललेलं असतं की हा पाहुणा आहे आणि त्याला परत पाठवायचं आहे. माझं आजचं सगळं बोलणं या एका गृहीताबद्दल आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातले बहुतेक बिबटे कुठून आलेले नाहीत. ते उसात जन्मले, त्यांच्या आया उसात जन्मल्या. त्यांनी भीमाशंकरचं जंगल पाहिलेलंही नाही.

हे कसं झालं ते इथल्या जुन्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कुकडी प्रकल्प होण्याआधी या रानांत बाजरी, हुलगा, मटकी आणि रब्बीची ज्वारी. काढणी झाली की शिवार मोकळं. बांधावर उभं राहिलं तर पार पलीकडच्या वस्तीपर्यंत दिसायचं. मग माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे आले, कालव्यांच्या फाट्यांनी, म्हणजे चाऱ्यांनी, पाणी बांधापर्यंत पोचलं, साखर कारखाने उभे राहिले. दुष्काळी माणसाच्या हातात पहिल्यांदा पैसा आला. ते व्हायलाच हवं होतं, त्यात मला काही चूक दिसत नाही. पण त्याबरोबर डोक्यापेक्षा उंच, दाट, बारमाही ओलं असं एक आच्छादन शेकडो गावांवर पसरलं. हिवाळ्यात लागणारा ‘सुरू’ ऊस बारा महिने उभा. आडसाली जुलै-ऑगस्टात लागला की सोळा ते अठरा महिने. आता बिबट्याच्या मादीचा हिशोब पाहा. गर्भ तीन महिन्यांच्या थोडा वर. पिल्लं साधारण दोन-तीन. ती आईबरोबर राहतात वर्ष-दीड वर्ष. म्हणजे आडसालीच्या एका लागणीत बिबट्याची एक पिढी लहानाची मोठी होते. शेजारच्या फडात खोडवा, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, उभा असतोच, त्यामुळे एक फड तुटला तर दुसरा आहे.

राहायची सोय झाली, पण खायचं काय? इथे अभ्यासाचा आधार घेतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, प्रवरेच्या खोऱ्यात काम केलं. आपल्यासारखंच रान, ऊस आणि वस्त्या, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं. तिथे कॅमेरे लावून मोजलं तर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. शिवाय तरस. मोठं रानटी भक्ष्य तिथे नाहीच, ना हरीण ना सांबर. विष्ठा तपासल्यावर कळलं की बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसापैकी ८७ टक्के पाळीव जनावरांचं आणि त्यात एकट्या कुत्र्याचं ३९ टक्के. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट, तरी शेळीचा वाटा ११ टक्केच. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते, कुत्रं मोकळं असतं. आणि कुत्रं कशावर जगतं? गावाबाहेर टाकलेल्या कचऱ्यावर, हॉटेलच्या उष्ट्यावर, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्यांवर. थोडक्यात, बिबट्याला आपणच पोसतो आहोत, मध्ये फक्त एक कुत्रं आहे.

त्याच भागात काही बिबट्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे घातले गेले. ज्यांना शेतातच पकडून तिथेच सोडलं, त्यांचा वावर ८ ते १५ चौरस किलोमीटरांत राहिला. भरपूर भक्ष्य असलेल्या चांगल्या जंगलातही बिबट्याला एवढंच क्षेत्र पुरतं. रात्री ते घरांपासून पंचवीस मीटरच्या आतसुद्धा फिरून जात होते, आणि घरातल्यांना पत्ता नसायचा. दिवसभर उसात पडून राहायचं, लोक झोपले की निघायचं. माणूस टाळणं हा त्याच्या जगण्याचा मोठा भाग आहे. म्हणूनच इतकी वर्षं, इतक्या दाटीत, रोज रात्री माणूस आणि बिबट्या एकमेकांच्या जवळून जात असूनही बहुतेक रात्री काहीच घडत नाही. ज्या रात्री घडतं ती बातमी होते. व्हायलाच हवी. पण धोरण आखायचं तर न घडलेल्या रात्रींचाही अभ्यास करावा लागतो.

आता जुन्नरचा २००१ ते २००३ चा काळ, ज्याची आठवण इथे पुष्कळांना असेल. लोकांची मागणी होती, बिबटे पकडा आणि जंगलात सोडा. सरकारने ऐकलं. पिंजरे लागले, २९ बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर जवळच्या जंगलांत सोडले गेले. हेतू चांगलाच होता. परिणाम काय झाला? १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये ते सतरावर गेले. जिवावर बेतणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. ज्या उपायाने माणसं वाचायची, त्याच उपायाच्या काळात ती जास्त मेली.

असं का व्हावं? बिबट्या आपल्या हद्दीत राहतो. तिथली प्रत्येक पायवाट, पाट, कुत्रं, कोणत्या वस्तीत किती वाजता दिवा मालवतो, सगळं त्याला पाठ असतं. त्या ज्ञानावरच तो माणसाला चुकवतो. त्याला पिंजऱ्यात कोंडायचं, भोवती शेकडो लोकांचा गोंगाट, मग गाडीत घालून अनोळखी डोंगरात सोडायचं. तिथे आधीच दुसरा बिबट्या राहतो, तो याला टिकू देत नाही. बिथरलेला, भुकेला, रस्ता न माहीत असलेला हा प्राणी ज्या वाडीत शिरतो, तिथल्या लोकांनी कुणाचं काय बिघडवलेलं असतं? आणि इकडे रिकामी झालेली हद्द रिकामी राहत नाही. आसपासचे तरुण नर तिच्यासाठी धडपडतात. त्यांना इथल्या माणसांची सवय नसते. आपण एक जुना, सावध शेजारी घालवतो आणि त्याच्या जागी एक-दोन नवखे ओढवून घेतो.

सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहत नाही, याचा पुरावाही आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक नर वर काढून, गळ्यात पट्टा घालून माळशेज भागात सोडला. तो चालत चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. शंभराहून अधिक किलोमीटर, रेल्वे ओलांडून, हमरस्ते ओलांडून, दाट वस्तीच्या कडेकडेने. या सगळ्या प्रवासात त्याने कुणाला ओरखडाही काढला नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला.

सध्या काय चाललंय, त्याबद्दल माझं मत सरळ सांगतो. जो बिबट्या माणसावर वारंवार हल्ला करतो, तो ओळखून तातडीने हटवला पाहिजे. तिथे मी प्राण्याच्या बाजूने वाद घालणार नाही. कायदाही तशी परवानगी देतो. पण ठशांवरून, कॅमेऱ्यावरून, डीएनएवरून तोच आहे याची खात्री करायला हवी. मोर्चा शांत करण्यासाठी जो पिंजऱ्यात सापडेल त्याला हटवणं म्हणजे हल्लेखोर मोकळा ठेवून लोकांना खोटा धीर देणं. माद्यांच्या नसबंदीचा प्रयोग करायला हरकत नाही, तो मोजूनमापून करावा, पण त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतील आणि नसबंदी केलेली मादीसुद्धा शिकार करतच राहते. बिबट्याने गावाकडे येऊ नये म्हणून जंगलात शेळ्या सोडायच्या कल्पनेबद्दल मात्र मला काळजी वाटते. उसातला बिबट्या जंगलात उपाशी राहिला म्हणून इथे आलेला नाही, मग तिथे शेळी ठेवून तो जाईल कशाला? उलट शेळ्यांचे रोग रानटी जनावरांना लागायचे. पकडलेले बिबटे ठेवायच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रालाही मर्यादा आहे. एकदा पिंजऱ्यात आलेले कितीतरी बिबटे तिथेच आयुष्य काढतात, आणि पट्ट्यातले सगळे बिबटे मावतील एवढे पिंजरे कुणीच बांधू शकत नाही.

आणखी एक. २०२४ मध्ये देशातल्या बिबट्यांचा अंदाज प्रसिद्ध झाला, १३,८७४. महाराष्ट्रात १,९८५. हा आकडा वाघांच्या गणनेबरोबर प्रामुख्याने जंगलांत केलेल्या मोजणीचा आहे. आपल्या उसातले बिबटे त्यात धरलेलेच नाहीत. ज्यांच्यावरून एवढा वाद पेटतो, त्यांची नीट मोजणी तरी आधी करा, अशी मागणी सगळ्यांनी मिळून करायला हवी.

आता माणसाच्या वागण्याकडे येतो. इथे मला दोष द्यायचा नाही, कारण यातलं बरंचसं माणसाच्या हातात नसतं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोन वाजता थ्री फेज आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, जातो. त्याला कुणी सांगावं की रात्री बाहेर पडू नका? पीक वाळेल ते कोण भरून देणार? वाकून काम करणारं माणूस, बांधाला बसलेलं माणूस, अंगणात एकटं खेळणारं लहान पोर, ही बिबट्याला बुटक्या जनावरासारखी दिसतात. त्यात दिवेलागणीची वेळ सगळ्यात वाईट. म्हणून बिबट्याग्रस्त गावांना दिवसा वीज देणं हा माझ्या दृष्टीने वन्यजीव संरक्षणाचा पहिला उपाय आहे. शेतीला दिवसा सौर वीज देणारी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे. तिच्यात ही गावं सगळ्यांच्या आधी यायला हवीत. मृत्यूनंतरची भरपाई आता २५ लाखांपर्यंत गेली आहे. त्यातला थोडा पैसा आधीच खर्च झाला, बंदिस्त गोठ्याला जाळी लागली, वस्तीवर संडास आणि दिवा आला, पोल्ट्रीची घाण पुरली गेली, तर तो जास्त कामी येईल.

अकोले तालुक्यातले महादेव कोळी वाघबारस करतात. डहाणू-जव्हारकडे वारल्यांच्या वाघोबाची ठाणी आहेत. पूजेने हल्ले थांबतात असं मी म्हणत नाही, पुजणाऱ्या गावांतही माणसं गेली आहेत. पण तिथे बिबट्याला शेजारात धरलेलं आहे. तो आहे असं समजूनच रात्रीची वहिवाट ठरते, जनावरं बांधली जातात, पोरांना हाक मारली जाते. आपल्याकडे ऊस आला तो एका पिढीत आणि ही वहिवाट घडायला वेळच मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र इथल्या लोकांनी शिकवली आणि तिचा मला फार अभिमान आहे. तोडणीत फडात पिल्लं सापडतात. पूर्वी ती उचलून नेली जायची आणि आई दिवसेंदिवस त्याच शिवारात सैरभैर हिंडायची. आता वनखात्याचे लोक पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी टोपलीत ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि रात्रीतून आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. हे घडतं कारण शेतकरी फोन करतो, तोड थांबवतो आणि एक रात्र ऊस उभा ठेवतो. कारखान्याची गाडी दारात उभी असताना तोड थांबवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

शेवटचा मुद्दा ऊसतोड कामगारांचा. बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, तोडलेल्या उसाच्या कडेलाच पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालतात. दार नाही, दिवा नाही, संडास नाही. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात, लेकरं कोपीत किंवा बांधावर. बिबट्याचा आसरा तुटत असतो नेमका त्याच दिवशी, त्याच जागी, सगळ्यात उघड्यावर हीच पोरं असतात. त्यांचे आईबाप या गावचे मतदार नाहीत, ग्रामसभेत त्यांचं नाव निघत नाही, मोर्चात ते नसतात. कोणत्या तारखेला कोणाचा फड तुटणार, हे कारखान्याच्या शेतकी खात्याला आधी ठाऊक असतं, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या वहीत ते लिहिलेलं असतं. ती यादी रोज वनखात्याला गेली, तर तोडीआधी फड पाहता येईल. कोप्या फडापासून लांब, गावाजवळ, उजेडात घालायला जागा देणं आणि तोड चालू असेपर्यंत लेकरांसाठी दार लागणारी एक खोली मोकळी ठेवणं कारखान्यांना जड नाही. येत्या गळीत हंगामाचा बॉयलर पेटवण्याआधी, कारखान्याच्या वार्षिक सभेत, तुमच्यापैकी सभासद असलेल्या प्रत्येकाने हा विषय लेखी मांडावा, एवढी मागणी मी तुमच्याकडे करतो आहे.