पीचला टोपी

श्रोतेहो, नमस्कार.

ओकायामा स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारातून बाहेर पडलं की समोरच मोमोतारोचा पुतळा दिसतो. मोमोतारो म्हणजे पीचच्या फळातून जन्माला आलेला मुलगा. जपानातल्या लहान पोरांनाही त्याची गोष्ट पाठ असते. त्या पुतळ्यापासून सहा-सात मिनिटं चाललं की एक इमारत लागायची. खाली औषधांचं दुकान आणि चौथ्या मजल्यावर आमची शाळा. शाळा म्हणजे काचेच्या भिंतींच्या पाच लहान खोल्या, प्रत्येकीत एक गोल टेबल आणि चार खुर्च्या. 2013 ते 2016 अशी तीन वर्षं मी तिथे इंग्रजी बोलायला शिकवलं.

मी पुण्याची. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तुम्ही गेला असाल तर ओकायामा तुम्हाला अगदीच परकं नाही. ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन या बागेवरून बेतलेलं आहे, आणि मूळची बाग 1700 साली पूर्ण झालेली. नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी कुठे जातेय हे आईला सांगायला माझ्याकडे तेवढी एकच खूण होती.

अशा शाळांना जपानीत 'एइकाइवा' म्हणतात. 'एइ' म्हणजे इंग्रजी आणि 'काइवा' म्हणजे संभाषण. सरकारी शाळांत मदतनीस शिक्षक म्हणून परदेशी तरुणांना नेणारी योजना वेगळी, ती 1987 पासून चालू आहे. एइकाइवा हा खासगी धंदा. स्टेशनाजवळ जागा घ्यायची आणि कामावरून घरी निघालेल्या माणसाला तासाभरासाठी वर बोलवायचं. म्हणून आमची पाळी दुपारी एक ते रात्री नऊ. शनिवार सगळ्यांत गर्दीचा, सुट्टी रविवार-सोमवारी. दुपारी गृहिणी आणि निवृत्त मंडळी, चारनंतर मुलं, सातनंतर गळ्यातला टाय सैल करत येणारे नोकरदार.

यातल्या बहुतेकांनी शाळेत किमान सहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. माझा एक विद्यार्थी इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख शब्दकोशाशिवाय वाचायचा. त्याला मी पहिल्या दिवशी विचारलं, "रविवारी काय केलंत?" तर तो कपाळाला घाम येईपर्यंत गप्प बसला. परीक्षेसाठी शिकलेली भाषा डोळ्यांत राहते, तोंडापर्यंत येत नाही. आपल्याकडेही मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी हुशार मुलांचं हेच होतं, त्यामुळे त्याचा तो घाम मला ओळखीचा होता.

ही शांतता सोसायला मला शिकावं लागलं. सुरुवातीला प्रश्न विचारला आणि समोरून दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की मीच बोलायला लागायचे, सोपा शब्द सुचवायचे, वाक्य पुरं करून टाकायचे. आमच्या शाळेतल्या एका जुन्या शिक्षिकेने माझा तास काचेतून पाहिला आणि नंतर एवढंच सांगितलं, "मनात दहापर्यंत मोज." दहा म्हणजे फार वाटतात. सातव्या-आठव्या आकड्याला समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, श्वास घेतल्याचा आवाज येतो, आणि मग वाक्य येतं. मोडकं असतं, पण त्याचं स्वतःचं असतं. आधीचे दीड महिने ती सगळी वाक्यं मी माणसांच्या तोंडून काढून घेत होते, हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आमचे दोन नियम कडक होते. वर्गात जपानी बोलायचं नाही आणि एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची. मला जपानी बऱ्यापैकी येत होतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले होते. तरी येत नाही असं वागायचं. दुसरा नियम मात्र मला जड गेला. सत्तरीच्या बाईंना, नुसत्या नावाने, मी सव्वीस वर्षांची पोरगी हाक मारणार! आपल्याकडे आईच्या वयाच्या बाईला काकू, मावशी न म्हणता नाव घेऊन बघा, जीभ अडखळते. जपानीत तर आडनाव आणि त्यापुढे 'सान' लावल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. शिवाय कोण कोणाशी बोलतंय त्यावर क्रियापदाचं रूप ठरतं.

पण याच नियमाने काय घडतं ते एका गुरुवारी पाहिलं. एका कंपनीतले विभागप्रमुख आणि त्यांच्याच कचेरीतली कनिष्ठ मुलगी योगायोगाने एका वर्गात आली. पहिले दोन तास तिने मान वर केली नाही. तिसऱ्या तासाला विषय होता 'मला न आवडणाऱ्या गोष्टी'. ती साहेबांकडे बघून इंग्रजीत म्हणाली की शुक्रवारी रात्री सगळ्यांनी मिळून प्यायला जाणं मला आवडत नाही, मला घरी जायचं असतं. साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी टू." हे जपानीत म्हणायचं तर तिला शब्दाशब्दाला वाकावं लागलं असतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', तिथे तू, तुम्ही, आपण असं काही नाही. मराठी माणसाला त्या एका 'यू'ची किंमत लगेच कळते.

उच्चार शिकवताना मला देवनागरीचा जेवढा आधार झाला तेवढा कुठल्याच पुस्तकाचा झाला नाही. जपानी अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ऐकायला ओळखीची वाटते ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला आणि त्या वर्णक्रमाच्या धर्तीवर ही मांडणी झाली. आपल्या 'प'च्या जागी तिथे 'ह' बसलाय, कारण त्या 'ह'चा उच्चार फार पूर्वी 'प' होता. त्यांच्याकडे 'न्' सोडला तर प्रत्येक अक्षराला स्वर चिकटलेला, म्हणून मॅकडोनाल्डचं होतं 'माकुदोनारुदो'. यात हसण्यासारखं काही नाही. स्टेशनचं 'इस्टेशन' आणि 'ठेसन' आपणच केलं. जीभ आपल्या सवयीची वाट शोधते. मी मुलांना टाळ्या वाजवून दाखवायचे, जपानीत सहा टाळ्या, इंग्रजीत तीन. एवढ्याने बरंचसं काम व्हायचं.

माझ्या उच्चारांचा प्रश्नही निघाला. या धंद्यातल्या जाहिरातींत 'नेटिव्ह' हा शब्द ठळक असतो, आणि त्याचा अर्थ बहुतेकांच्या मनात गोरा माणूस असाच असतो. मला घेतलं कारण एक शिक्षक वर्षाच्या मध्येच निघून गेला होता. पहिल्याच आठवड्यात एका आईने चौकशी केली की मुलाला भारतीय उच्चार तर लागणार नाहीत ना. त्या रात्री मी खोलीवर जाऊन रडले. नंतर मी ठरवलं की हे लपवायचं नाही. चाचणी-तासालाच सांगायचं की मी भारतीय, पाचव्या वर्षापासून इंग्रजीत शिकले, माझा 'ट' असा पडतो. आणि विचारायचं, तुम्हाला इंग्रजीत कोणाशी बोलावं लागतं? उत्तरं यायची: बँकॉकचा कारखाना, मनिलाचं कॉल सेंटर, चेन्नईचे इंजिनिअर. मग बहुतेक जण माझ्याकडेच शिकायला थांबायचे. ती आईसुद्धा थांबली.

आता मला ज्यांच्याविषयी मुद्दाम बोलायचंय त्या आजींकडे येते. वय एकाहत्तर. शहराबाहेर त्यांची पीचची बाग. ओकायामाचं पांढरं पीच जपानभर नावाजलेलं, इतकं नाजूक की बोट जोरात लागलं तरी डाग पडतो. आजींचा मुलगा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला, सून तिकडची, नातू पाच वर्षांचा आणि त्याला जपानी येत नाही. त्या मला म्हणाल्या, मला परीक्षा द्यायची नाही, प्रवास करायचा नाही. "आय वॉन्ट टॉक, माय ग्रँडसन." सदाशिव पेठेतली माझी आजी न्यू जर्सीतल्या पणतूशी व्हिडिओ कॉलवर 'हॅलो, हॅलो' करून फोन मामाकडे द्यायची, ते मला आठवलं. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणायला लागले.

मे महिन्याच्या अखेरीस एकदा त्यांनी पिशवीतून कागदाची छोटी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. पीचचं फळ हिरवं, सुपारीहून थोडं मोठं असतं तेव्हाच एकेका फळाला हाताने असं पाकीट बांधतात. किडीपासून वाचावं आणि सालीचा रंग उजळ राहावा म्हणून. त्यांनी मूठ वळली, तिच्यावर पाकीट चढवलं आणि म्हणाल्या, "आय पुट हॅट ऑन पीच."

मी म्हटलं, "बॅग. आपण बॅग म्हणतो."

त्यांनी वहीत बारीक अक्षरात 'बॅग' लिहिलं. पेन्सिल ठेवली. मूठ तशीच होती, पाकीट चढवलेली. मी मनात मोजायला लागले. नऊला त्या बोलल्या. "बॅग इज फॉर कॅरी. फॉर गो होम. शी नॉट गो होम येट. शी इज बेबी. सो, हॅट."

मी त्यांच्याकडे पेन्सिल मागितली आणि वहीतलं 'बॅग' खोडलं. शब्दकोश काहीही म्हणो, ज्या बाईने पन्नास वर्षं स्वतःच्या हाताने ती पाकिटं बांधली तिला तो शब्द माझ्यापेक्षा जास्त कळत होता. चुका सुधारण्याचा मला पगार मिळायचा. कुठली चूक सुधारायची नाही हे मात्र मला आजींनी शिकवलं.

आणि याच आजींच्या फायलीत मला एक दिवस नवा करार दिसला. आमच्याकडे शिकवणारे वेगळे आणि विकणारे वेगळे. बाहेरच्या टेबलावरच्या मुलींना दर महिन्याचा आकडा गाठायचा असायचा. त्यांचाही जीव त्यात पिळून निघायचा, त्यांना मी दोष देणार नाही. पण आजींना एकदम दोन वर्षांचे तास आगाऊ पैसे घेऊन विकले होते, वर अभ्यासाचा जाडजूड पुस्तकसंच, जो त्यांना काडीच्या उपयोगाचा नव्हता. मी व्यवस्थापकांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, तुम्ही शिकवण्याकडे लक्ष द्या. जपानात अशा कराराला आठ दिवसांच्या आत विनाअट रद्द करण्याचा हक्क कायद्याने आहे. आठ दिवस उलटून गेले होते. मी ती फाइल आधी उघडली असती तर, हे मला आजही बोचतं.

आगाऊ पैशांचा हा प्रकार एका शाळेपुरता नाही. 1981 साली ओसाकात सुरू झालेली नोवा ही एके काळी या धंद्यातली सर्वांत मोठी साखळी होती. 'स्टेशनासमोर परदेशी शिक्षण' हे तिचं घोषवाक्य आणि गुलाबी ससा हे तिचं चिन्ह घराघरांत माहीत होतं. तासांची जितकी जास्त तिकिटं एकदम घ्याल तितकं तिकीट स्वस्त. पण मध्येच सोडून पैसे परत मागितले की झालेल्या तासांचा हिशेब महाग दराने. एप्रिल 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. जूनमध्ये सरकारने लांब मुदतीचे नवे करार करायला सहा महिने बंदी घातली. आणि नव्या पैशांवर जुनी देणी भागवणारा गाडा थांबला. 26 ऑक्टोबर 2007 ला कंपनीने न्यायालयाकडे घेणेकऱ्यांपासून संरक्षण मागितलं. तीन लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे पैसे अडकले, हजारो परदेशी शिक्षक पगाराविना. अनेकांच्या पगारातून घरभाडं कापलं जायचं, पण ते घरमालकापर्यंत पोचलंच नव्हतं. माझा एक सहकारी तेव्हा नोवात होता. तो सांगायचा, कामगार संघटनेने जेवणाच्या बदल्यात शिकवणीची सोय केली आणि विद्यार्थी तांदूळ, भाज्या घेऊन यायचे. ज्यांचे स्वतःचे पैसे बुडाले होते ती माणसं!

तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगते की करारातले तास बघा. माझा करार आठवड्याला साडेएकोणतीस तासांचा होता. त्या काळी तीस तासांना पोचलं की मालकाला आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनात वाटा द्यावा लागे, तो अर्धा तास तिथे वाचवलेला. तासांच्या मधली दहा-दहा मिनिटं, ज्यांत फायली लिहायच्या, ती मोजलीच जात नसत. विचारा, लिहून घ्या, लाजू नका.

आजींच्या नातवाने फोनवर विचारलं होतं, "व्हाय?" पीचला टोपी का? आजींनी वाक्यं पाठ केली होती, 'व्हाय'ची तयारी नव्हती. त्यांनी फोन मुलाकडे दिला आणि पुढच्या तासाला येऊन तेवढंच सांगितलं. मग आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि सलग तीन आठवडे फक्त 'व्हाय' घेतलं. मी पाच वर्षांचा मुलगा व्हायचे आणि विचारत राहायचे.

जुलैत माझा शेवटचा तास होता. आजी आल्या, एक पिकलेलं पीच रुमालात गुंडाळून आणलं होतं. म्हणाल्या, रविवारी फोन झाला. त्याने विचारलं, व्हाय? मी सांगितलं, ऊन फार, ती लहान. त्याने पुन्हा विचारलं, व्हाय? मला काही सुचेना. मग सेन्सेइ, तुम्ही रोज म्हणता ते मी म्हटलं. "व्हॉट डू यू थिंक?"

"मग?"

"ही टॉक. टॉक, टॉक, टॉक. आय अंडरस्टँड हाफ." त्यांनी मनगटावरचं घड्याळ मला दाखवलं आणि त्याच्या काचेवर बोट टेकवलं. "नाइन मिनिट्स."