मैदानातली मोहरी

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेच्या पुस्तकातलं अणूचं चित्र आठवतंय? मधे लिंबाएवढं केंद्रक, भोवती वर्तुळं, वर्तुळांवर ठिपके. त्यातून रचना कळते, पण मापं पार चुकीची मनात बसतात. पुस्तकाचाही इलाज नाही, खरी मापं पानावर मावतच नाहीत. ती आज त्रैराशिकाने काढू.

हायड्रोजनचा अणू घ्या. त्याच्या केंद्रकात एकच प्रोटॉन, त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोमीटर. इलेक्ट्रॉन ढगासारखा पसरलेला असतो. तो सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते साधारण ५३,००० फेम्टोमीटरवर. भागाकार करा, ६३,००० पट!

आता प्रोटॉनच्या जागी मोहरीचा टपोरा दाणा ठेवू, त्रिज्या एक मिलिमीटर. मग इलेक्ट्रॉन गेला ६३ मीटरवर. म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या मधोमध मोहरी आणि इलेक्ट्रॉन पार सीमारेषेपाशी. तरी अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान त्या मोहरीतच, कारण प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड.

यात एक पथ्य पाळायचं, पट सगळ्यांना सारखीच लावायची. आपण प्रोटॉन सुमारे १.२ लाख कोटी पटींनी मोठा केला. पाच फुटी माणूस तेवढ्याच पटीने वाढवला, तर उंची होईल १८० कोटी किलोमीटर. पाय सूर्यापाशी ठेवले, तर डोकं शनीच्या कक्षेपलीकडे! हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा शून्यं दोनदा मोजली होती.

इलेक्ट्रॉनला मात्र ही पट लावता येत नाही. त्याला स्वतःचं आकारमान असल्याचं कुठल्याच प्रयोगात दिसलेलं नाही. असलंच, तर ते प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

आणि हीच मोहरी घेऊन एक खरा वाद समजून घेता येतो. २०१० साली स्वित्झर्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉनच्या जागी म्यूऑन हा त्याहून २०७ पट जड कण बसवून प्रोटॉन मोजला. तोवर त्रिज्या ०.८८ मानत होते; ती ०.८४ निघाली. आपल्या मोहरीच्या जाडीत हा फरक होतो ०.०८ मिलिमीटर, डोक्याच्या एका केसाएवढा. त्या केसासाठी जगभरच्या प्रयोगशाळा कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या. २०१९ साली टोरांटोत साध्या हायड्रोजनवर मोजमाप झालं, तेव्हा उत्तर आलं ०.८३.