एफ डिव्हिजनमधून बोलतोय

नमस्कार श्रोतेहो.

मी क्रिकेट खेळायचो असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "कुठपर्यंत?" म्हणजे रणजीपर्यंत, विद्यापीठापर्यंत, की आपलं गल्लीतच. मी सांगतो, "आझाद मैदानापर्यंत." माणसं हसतात. मी विनोद केलेला नसतो. तिथे मुंबईच्या कांगा लीगमध्ये, म्हणजे क्लबांच्या स्पर्धेत, एफ डिव्हिजनला मी ऑफस्पिन टाकायचो, आठव्या नंबरवर बॅटिंगला जायचो आणि सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन मस्टरवर सही करायचो. मधे एकदा आमचा क्लब ई डिव्हिजनमध्ये चढला, तिथे यथास्थित मार खाल्ला आणि पुन्हा खाली आला. कारकीर्द म्हणाल तर एवढीच. पण तो "कुठपर्यंत" हा प्रश्न काही मला पटत नाही.

मुंबईबाहेरच्या श्रोत्यांना आधी एक सांगायला हवं. ही लीग भर पावसाळ्यात खेळतात. बाकी सगळीकडे पाऊस आला की क्रिकेट थांबतं, आमच्याकडे पाऊस आला की सुरू होतं. जुलै ते सप्टेंबर, रविवारचे सामने, ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन. वरचे क्लब वर चढतात, तळाचे खाली उतरतात. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली ही लीग सुरू झाली. कांगा पेशाने डॉक्टर, पारशी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. त्याच संघात बाळू पालवणकर होते. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखणारा, नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करणारा, जातीमुळे ज्याला चहासुद्धा पॅव्हेलियनच्या बाहेर घ्यावा लागे असा हा डावखुरा स्पिनर. त्याने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. इंग्लंडच्या ओल्या विकेटवर, म्हणजे खेळपट्टीवर, आपले फलंदाज गडबडतात, त्यांना घरीच सवय व्हावी म्हणून पावसात लीग, असं आम्हाला जुनी मंडळी सांगत. फलंदाजांचं काय झालं ते मोठ्या लोकांना विचारा. आम्हा गोलंदाजांची मात्र चैन झाली.

चैन म्हणजे काय, ते जरा नीट सांगतो, कारण माझं सगळं क्रिकेट त्यातच आलं. विकेटवर आच्छादन नसायचं. रात्रभर पाऊस पडून गेलेला असायचा. आता लोकांना वाटतं, विकेट जितकी ओली तितकी फलंदाजीला कठीण. तसं नाही. पूर्ण भिजलेल्या विकेटवर चेंडू टप्पा पडून सुस्त होतो, हळू येतो, आणि शिवाय तो साबणासारखा हातातून सटकत असल्याने स्पिनरला पकडच मिळत नाही. टॉवेलने पुसून पुसून टॉवेलच ओला होतो. खरा खेळ सुरू होतो तो ढग फाटून ऊन पडलं की. वरचा थर वाळायला लागतो आणि खाली सगळं मऊच. दुधावर साय धरते तशी ती विकेट व्हायची. चेंडू साय फोडून आत रुतायचा आणि त्यातून निघायचा तो कधी फलंदाजाच्या गळ्यापर्यंत, कधी घोट्याखालून. त्या तासाभरात आमच्यासारखा साधा ऑफस्पिनर, ज्याचा चेंडू कडक उन्हाळ्यात दोन इंचसुद्धा वळत नसे, तो एकदम दादा बनायचा.

त्यामुळे टॉस जिंकलेला कप्तान नाण्याकडे कमी आणि आकाशाकडे जास्त बघायचा. आमचा कप्तान तर समुद्राच्या बाजूला तोंड करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "अकराला ऊन येणार, आपण आधी बॅटिंग घ्यायची." म्हणजे ओल्या, सुस्त विकेटवर आपण हातपाय मारून घ्यायचे आणि ती वाळायला लागली की त्यांना आत पाठवायचं. ऐंशी धावा झाल्या तरी डाव घोषित करायचा. नवा पोरगा आला की चक्रावायचा, ऐंशीवर डिक्लेअर? पण त्या मैदानावर ऐंशी म्हणजे पुष्कळ. आणि दिवसभरात दोन्ही डाव उरकून निर्णायक विजय मिळाला तर गुण जास्त, त्यामुळे वेळ वाचवणं हीसुद्धा एक कला होती. हवामानखात्यात गेला असता तर आमच्या कप्तानाचं चांगलं झालं असतं. गोदीत कारकून होता तो.

धावा कमी होण्याचं दुसरं कारण गवत. पावसाळ्यात आउटफिल्डवर गवत घोट्याच्या वर, काही कोपऱ्यांत तर त्याहून उंच. पुस्तकातला कव्हर ड्राइव्ह मारावा, मनगट, कोपर, डोकं सगळं जागच्या जागी, आणि चेंडू पंधरा यार्डांवर गवतात बसून राहावा. म्हणून तिथे उचलून मारावंच लागतं. इंग्लंडला मुंबईच्या फलंदाजाने बचावाचं तंत्र नेलं असेल, पण मिडविकेटवरून आडव्या बॅटने हाणायची हिंमतही त्याने या गवतामुळेच कमावली, असं माझं मत आहे. जाणकार मंडळी हे मत हसण्यावारी नेतात. नेवोत.

या गवतात चेंडू हरवायचा. आणि त्याच्यासाठी नियमांत एक छान कलम होतं, लॉस्ट बॉल. चेंडू सापडत नसेल तर क्षेत्ररक्षकाने "लॉस्ट बॉल" असं ओरडायचं. मग फलंदाजांना सहा धावा, किंवा त्याहून जास्त पळून झाल्या असतील तर तेवढ्या. आता विचार करा. चेंडू कुठेतरी पायाखालीच आहे. फलंदाज पळताहेत, दोन झाल्या, तीन झाल्या. ओरडावं तर सहा जाणार. शोधत राहावं तर कदाचित चारवरच आवरेल, कदाचित सात होतील. तिघेजण ओणवे होऊन गवत चाचपताहेत, कप्तान लांबून किंचाळतोय, "ओरडू नका, ओरडू नका!" आणि शेवटी एकाच्या बुटाला चेंडू लागतो. २०१७ च्या नव्या नियमावलीत हे कलम गेलं. सापडत नसेल तर आता पंच डेड बॉल देतात. सोयीचं आहे ते, पण खेळातला एक उत्तम जुगार गेला.

आझाद मैदानावर बावीस विकेट. म्हणजे एकाच वेळी तितके सामने आणि सगळ्यांच्या सीमारेषा एकमेकांत घुसलेल्या. आमच्या कव्हरच्या माणसाशेजारी पलीकडच्या सामन्याचा फाइन लेग उभा, आणि दोघांच्या मधे तिसऱ्याच सामन्यातला पंच. गप्पा व्हायच्या. कोण कुठल्या कंपनीत, बोनस किती, भरती आहे का. मधेच कुणीतरी "बॉल! बॉल!" असं ओरडलं की सगळ्यांनी डोक्यावर हात घेऊन खाली बसायचं, कारण तो कुठल्या विकेटवरून येतोय ते कळायला वेळ नसे. मैदानाच्या एका टोकाला कुणाचं तरी उपोषण, कुणाचा तरी मोर्चा, लाउडस्पीकरवर घोषणा. "आमच्या मागण्या मान्य करा" हे ऐकत मी कितीतरी ओव्हर टाकल्या आहेत, आणि अपील करताना तेच मनात असायचं.

याच लीगच्या वरच्या डिव्हिजनमध्ये दादर युनियन क्लबकडून गावसकर आणि वेंगसरकर खेळत होते. याच लीगमध्ये अकरा वर्षांचा सचिन जॉन ब्राइट क्लबकडून उतरला. १९८८ साली शालेय सामन्यात त्याची आणि कांबळीची ६६४ धावांची अभेद्य भागी झाली तीही आझाद मैदानावरच. मी काही त्यांच्याबरोबर खेळलो नाही. पण त्यांना आणि आम्हाला भिजवणारा पाऊस एकच होता, पंचही बरेचदा तेच, आणि पॅडमधला चिखलही त्याच मातीचा. आमच्यातला चांगला पोरगा वरचा क्लब उचलून न्यायचा, तिथला त्याच्याही वर जायचा. चढण होती म्हणून माथा होता, आणि चढणीवर आम्ही उभे होतो. पायऱ्या म्हणा हवं तर. पायरीला कुणी विचारत नाही, तू कुठपर्यंत पोचलीस म्हणून.

एक विकेट मात्र सांगतोच. रेडिओवर आलोय आणि ती सांगितली नाही तर आमच्या क्लबातले जुने लोक मला चहा पाजणार नाहीत. रणजी खेळलेला एक फलंदाज, वय झाल्यावर मित्राच्या क्लबसाठी आमच्या डिव्हिजनमध्ये उतरला होता. नाव घेत नाही. पहिली दहा मिनिटं त्याने आम्हाला फलंदाजी म्हणजे काय ते दाखवलं. चेंडू अगदी नाकाखाली येईपर्यंत थांबायचा, हात सैल, बॅटची कड लागली तरी चेंडू पायाशीच पडावा असा. आम्ही फील्डिंग सोडून बघत होतो. मग ऊन आलं. माझा एक चेंडू, अगदी साधा, ऑफस्टंपवर, टप्पा घेऊन असा उसळला की त्याच्या हातमोज्याला लागून अगदी जवळ उभ्या असलेल्या फॉरवर्ड शॉर्ट लेगच्या हातात जाऊन बसला. जाता जाता तो मला म्हणाला, "विकेटने घेतली रे, तू नाही." मी म्हटलं, "साहेब, टप्पा मी टाकला." तो थांबला, हसला आणि संध्याकाळी आमच्या तंबूत येऊन बसला. मला म्हणाला, तशा विकेटवर चेंडू वळवायच्या भानगडीत पडू नकोस, फक्त एका जागी टाकत राहा, बाकीचं माती करेल. इतकी वर्षं खेळून मला कुणी याहून मोलाचं सांगितलेलं नाही. आणि ते कुठे मिळालं, तर एफ डिव्हिजनच्या गळक्या तंबूत, वडापावच्या कागदावर बसून.

खडूस हा शब्द आता मुंबईच्या क्रिकेटला सगळे लावतात, कौतुकाने. आमच्या वेळी त्यात कौतुक कमी असायचं. खडूस म्हणजे शेवटची जोडी मैदानात, सामना हातातून गेलेला, धो धो पाऊस, आणि तरी बॅट न फेकणारा माणूस. आमचा विकेटकीपर तसा होता. बॅटला अळशीचं तेल पाजायचा, ऑफिसातून सुटल्यावर गॅलरीत बसून हातोडीने बॅट ठोकायचा, शेजारी भांडायचे. अकराव्या नंबरवर जायचा खरं तर. पण बाद करायला सांगितलं तर एफ डिव्हिजनमधला सगळ्यात कठीण माणूस. त्याच्या धावा कुठे छापून आल्या नाहीत. सोमवारच्या पेपरात मुंगीच्या अक्षरात लीगचे स्कोअर यायचे, त्यात फक्त जास्त धावा करणाऱ्यांची आणि बळी घेणाऱ्यांची नावं. माझं नाव कधी कधी यायचं, बऱ्याचदा स्पेलिंग चुकून. तेही मी कापून ठेवलंय.

"कुठपर्यंत" विचारणाऱ्यांना मी हल्ली पद्माकर शिवलकरांचं उदाहरण देतो. शिवाजी पार्क जिमखान्याचे डावखुरे स्पिनर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८. आणि कसोटी? एकही नाही. बिशनसिंग बेदी त्यांच्या काळातच होते, तेही डावखुरे स्पिनर, जागा एकच. मग शिवलकर कुठपर्यंत पोचले म्हणायचं? ज्याने त्यांना कांगा लीगमध्ये ओल्या विकेटवर टाकताना बघितलंय, एकाच जागी, रुमालाएवढ्या जागेवर, तासन् तास, त्याला तो प्रश्न सुचणारच नाही. मी बघितलंय. आमचा सामना लवकर संपला की मी दादरला उतरून पार्कावर जायचो, मीठ लावलेलं शेंगदाण्यांचं पुडकं घेऊन साइटस्क्रीनच्या मागे उभा राहायचो, आणि पुढच्या रविवारी त्यांच्यासारखं टाकायचा प्रयत्न करायचो. पुढच्या रविवारी फलंदाज मला मारायचे. त्याचं काही नाही.

गुडघा गेल्यावर खेळणं थांबलं. निरोपसमारंभ वगैरे आमच्यात नसतो. एका मोसमात कप्तानाने किट-बॅग दुसऱ्याच्या हातात दिली आणि माझ्या हातात स्कोअरबुक. तेव्हापासून ते माझ्याकडे आहे. आता मोबाइलवर स्कोअर टाकतात, आमचा क्लबही टाकतो, तरी वही मी वेगळी लिहितो, कारण पावसात फोनच्या पडद्यावर बोट चालत नाही आणि पेन्सिल चालते. परवा एका पोराने विचारलं, "काका, माझ्या नावापुढे तेरा लिहिलंत, सतरा झाले होते ना?" चार धावा बायच्या, म्हणजे बॅटला न लागता मिळालेल्या होत्या, मी त्याला दाखवलं. त्याने मान्य केलं नाही. पुन्हा विचारायला आला, मग तिसऱ्यांदा आला, पॅड बांधलेलेच. हा पोरगा टिकणार.

नमस्कार.